पाहुणीने पाहिलेले झाड : एका सणाच्या स्थलांतराची गोष्ट

नाताळचे सजवलेले झाड अमेरिकेत कोणी नेले, या प्रश्नाला लोकप्रिय लेखांतून एक ठरीव उत्तर दिले जाते. हार्वर्ड येथे जर्मन शिकवणाऱ्या चार्ल्स फॉलेन या अध्यापकाने १८३० च्या दशकात बॉस्टनच्या परिसरातील आपल्या घरी लहानग्या मुलासाठी असे झाड उभे केले आणि तेथून ही प्रथा देशभर पसरली, असे ते उत्तर आहे. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. पेन्सिल्व्हेनियातील जर्मन वस्त्यांमध्ये त्यापूर्वीच ही झाडे घरात आणली जात होती. लँकेस्टर येथील एका रहिवाशाच्या १८२१ सालच्या रोजनिशीत घरची मंडळी नाताळची झाडे आणण्यासाठी टेकडीवर गेल्याची नोंद आहे. असे असूनही ‘पहिले झाड’ म्हटले की फॉलेनचेच नाव पुढे येते. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला जवळचे वाटेल असे आहे. लँकेस्टरची झाडे आपल्याच माणसांत, आपल्याच बोलीत उभी राहिली. ती पाहून चकित होणारे आणि ते चकित होणे छापून काढणारे कोणी तेथे नव्हते. फॉलेनच्या झाडाला मात्र एक पाहुणी लाभली, आणि ती लेखिका होती. हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेने १८३५ च्या डिसेंबरअखेर ते झाड पाहिले आणि १८३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेट्रोस्पेक्ट ऑफ वेस्टर्न ट्रॅव्हल’ या प्रवासवर्णनात त्याचे चित्र रेखाटले. त्या देशात ही प्रथा प्रथमच अवतरत असताना आपण हजर होतो, अशी तिची समजूत होती. समजूत चुकीची होती, पण छापली गेली होती; म्हणून ती टिकली.

परदेशी राहणारा माणूस आपल्या घरचा सण नव्या मित्रांपुढे मांडतो, तेव्हा त्या सणाचे काय होते आणि त्या माणसाचे काय होते, हे दोन्ही प्रश्न या एका प्रसंगाच्या आधारे तपासता येतात. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

परतीची वाट नसलेला यजमान

फॉलेनचे मूळ नाव कार्ल. त्याचा जन्म १७९६ मध्ये हेसेनमध्ये झाला. गीसेन येथे शिकत असताना नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो स्वयंसेवक म्हणून दाखल झाला, आणि युद्धानंतर जर्मन विद्यार्थ्यांच्या जहाल चळवळीचा एक पुढारी बनला. अनेक राजेरजवाड्यांत विभागलेल्या जर्मन प्रदेशाचे एक लोकसत्ताक राष्ट्र व्हावे, हे त्याच्या पिढीचे स्वप्न होते. २३ मार्च १८१९ रोजी त्याच्या वर्तुळातील कार्ल झांड या विद्यार्थ्याने मानहाइम येथे ऑगस्ट फॉन कोत्सेब्यू या नाटककाराचा खून केला. हा कोत्सेब्यू इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना अप्रत्यक्षपणे परिचित असतो. जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) या कादंबरीतील तरुण मंडळी ज्या नाटकाच्या तालमी करतात, ते त्याच्याच नाटकाचे इंग्रजी रूपांतर होय. या खुनाचे निमित्त करून त्याच वर्षी कार्ल्सबाडचे आदेश निघाले आणि विद्यापीठांवर व मुद्रणावर कडक देखरेख सुरू झाली. फॉलेनचीही चौकशी झाली. पुरावा मिळाला नाही, पण मायदेशात राहणे अशक्य झाले. आधी फ्रान्स, नंतर स्वित्झर्लंड असा त्याचा प्रवास झाला. प्रशियाच्या दबावामुळे तेथेही थारा मिळेना, तेव्हा १८२४ च्या अखेरीस तो न्यूयॉर्कला उतरला.

हा पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे की, ज्या घरची पद्धत त्याने पुढे परक्या देशात मांडली, त्या घराचे दार त्याला कायमचे बंद झाले होते. सुट्टीत गावी जाऊन येणाऱ्याची आठवण वेगळी आणि ज्याला गावच उरलेले नाही त्याची आठवण वेगळी. पहिल्याला सण कोठे तरी चालूच आहे हा दिलासा असतो; दुसऱ्याच्या बाबतीत त्याने केला तरच सण होतो.

अमेरिकेत मात्र त्याला माणसे भेटली. १८२५ मध्ये हार्वर्डमध्ये जर्मन शिकवण्याचे काम त्याला मिळाले. त्या भाषेसाठी तेथे नेमलेला तो पहिला शिक्षक होता. विद्यार्थ्यांसाठी त्याने १८२६ मध्ये जर्मन वेच्यांचे पुस्तक आणि १८२८ मध्ये व्याकरण तयार केले. १८२८ मध्येच बॉस्टनच्या प्रतिष्ठित कॅबट घराण्यातील एलायझा ली कॅबट या बालसाहित्यलेखिकेशी त्याचा विवाह झाला. १८३० मध्ये मुलगा झाला, त्याच वर्षी नागरिकत्व मिळाले आणि जर्मन साहित्याचे प्राध्यापकपदही मिळाले. कार्लचा चार्ल्स झाला. मुलगा दोन वर्षांचा झाल्यापासून दर नाताळला वडील त्याच्यासाठी आपल्या देशाच्या पद्धतीने झाड सजवीत असत, असे एलायझाने पुढे लिहिलेल्या पतीच्या चरित्रातून कळते. म्हणजे ही प्रथा त्या घरात १८३२ पासून चालू होती.

येथे न्यू इंग्लंडची एक विशेष परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. या प्रदेशाला नाताळची ओढ नव्हती. प्युरिटन पंथीयांच्या दृष्टीने नाताळ हा धर्मग्रंथाचा आधार नसलेला, मद्यपान आणि हुल्लडबाजीला वाव देणारा सण होता. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ मध्ये तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, पण मनातील अढी गेली नाही. नाताळला कायदेशीर सुट्टी मिळण्यासाठी त्या राज्यात १८५६ साल उजाडावे लागले. मुलांना भेटी द्यायच्या त्या नववर्षाला, असा तेथील रिवाज होता. फॉलेनच्या नव्या मित्रांजवळ त्यामुळे तुलना करण्यासाठी स्वतःचा सणच नव्हता. त्याचे झाड एका रिकाम्या जागेत उभे राहिले.

त्या संध्याकाळचे वर्णन

मार्टिनो १८३४ ते १८३६ या काळात अमेरिकेत होती. अर्थशास्त्राची तत्त्वे कथारूपाने सांगणाऱ्या पुस्तिकांमुळे वयाच्या तिशीतच तिला मोठी कीर्ती मिळाली होती. तिला ऐकू फार कमी येत असे. कानाला लावायचे कर्णे घेऊन ती जगभर वावरली. हा तपशील त्या वर्णनाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे.

तिने लिहिलेले झाड म्हणजे एका कोवळ्या फरचा शेंडा होता. तो एका कुंडीवजा पिंपात रोवलेला होता आणि पिंप शेवाळाने झाकलेले होते. फांद्यांवर बाहुल्या होत्या, रंगवलेल्या अंड्यांच्या कवचांच्या वाट्या होत्या, मिठाई भरलेले कागदी शंकू होते आणि सर्वत्र लहान मेणबत्त्या होत्या. एखादी फांदी पेटलीच तर विझवण्यासाठी काठीच्या टोकाला स्पंज बांधून ठेवला होता. ही सर्व तयारी मुलांना कळू न देता चालली होती आणि मार्टिनो तीत स्वतः सामील होती. दार उघडण्याची वेळ आली तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांवर काय उमटते ते पाहावे म्हणून ती झाडामागे पायऱ्यांवर चढून उभी राहिली.

दार उघडले, मुले गलका करीत आत शिरली आणि क्षणात गप्प झाली. वर वळलेले चेहरे, विस्फारलेले डोळे, कोणी बोलेना. घरचा मुलगा चार्ली तेवढा आनंदाने उड्या मारत होता. मग मुले हळूहळू झाडाभोवती फिरू लागली. झाडावर खाण्याजोगे काही आहे हे एका चाणाक्ष नजरेने हेरले, आणि तेथून पुन्हा आवाज सुरू झाला.

या वर्णनात पाहण्यासारखी गोष्ट ही, की लेखिकेची नजर झाडाकडून मुलांच्या चेहऱ्यांकडे वळते. ज्याला ऐकू येत नाही तिने शांतता टिपावी, हे वरवर विसंगत वाटेल. पण ती शांतता तिने डोळ्यांनी वाचली आहे. घरच्या माणसाने हाच प्रसंग लिहिला असता तर सजावट कशी करतात, मेणबत्त्या किती लावतात, आपल्या लहानपणी कसे होते, हे सांगितले असते. पाहुणी लिहिते ते प्रथमदर्शनाचे आश्चर्य. सण यजमानाच्या लेखी पुनरावृत्ती असतो आणि पाहुण्याच्या लेखी घटना. वर्णन घटनेचे होते. पुनरावृत्ती वर्णनाची वाट पाहत नाही.

झाड मुळात किती जुने?

फॉलेन ज्याला आपल्या देशाची पद्धत म्हणत होता, ती त्याच्या देशातही फार पुरातन नव्हती. स्ट्रासबुर्ग येथे दिवाणखान्यात झाडे उभारून त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदे आणि साखरेचे पदार्थ लावत, अशी १६०५ मधील नोंद सापडते. पुढे दीर्घकाळ ही काही प्रदेशांची आणि मुख्यतः प्रॉटेस्टंट घरांची रीत राहिली. ती सर्वत्र पसरली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि या प्रसारात साहित्याचा वाटा लक्षणीय आहे. गटेच्या ‘तरुण वेर्टेरची दुःखे’ (१७७४) या कादंबरीत नायकाच्या अखेरच्या दिवसांत नाताळच्या झाडाचा उल्लेख येतो. अचानक दार उघडावे आणि मेणबत्त्या, मिठाई व सफरचंदे यांनी सजलेले झाड दिसावे, या बालपणीच्या सुखाची तो आठवण काढतो. हॉफमानच्या ‘नटक्रॅकर’च्या कथेत (१८१६) झाड हे अद्‌भुताचे प्रवेशद्वारच ठरते. फॉलेनची पिढी ही या साहित्यावर पोसलेली पिढी होती.

पाहुण्याच्या लेखणीचे उदाहरणही मार्टिनोच्या आधी सापडते. १७९८ च्या नाताळात कोलरिज उत्तर जर्मनीतील रात्झेबुर्ग येथे होता. तेथील एका घरात टेबलावर यू वृक्षाची फांदी बसवून तिच्यावर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि रंगीत कागद लटकवले होते. तिच्याखाली मुलांनी आईवडिलांसाठी गुपचूप जमवलेल्या भेटी मांडल्या होत्या. त्या दृश्याने कोलरिज हेलावला. १८०९ मध्ये ‘द फ्रेंड’ या आपल्या नियतकालिकात त्याने हे वर्णन छापले आणि इंग्रजी वाचकाला या रीतीची एक सुरेख ओळख करून दिली.

यावरून एक विचार सुचतो. स्वतःच्या गावात सणाला विशेषण लागत नाही. हेसेनमधल्या मुलाला ते केवळ घरचे झाड वाटते; त्याचे ‘जर्मन झाड’ होते ते बॉस्टनमध्ये. ज्या एकसंध जर्मनीसाठी फॉलेनने देश गमावला, ती जर्मनी तेव्हा नकाशावर नव्हती; १८७१ पर्यंत ती अस्तित्वात येणार नव्हती. परदेशातील दिवाणखान्यात मात्र, मित्रांना समजावून सांगताना, ती एका झाडापुरती अस्तित्वात आली. प्रांताची, पंथाची, एखाद्या घराची रीत ही राष्ट्राची रीत म्हणून प्रथम परमुलखात बोलली जाते. महाविद्यालयात व्याकरण शिकवणारा हा अध्यापक घरी जे करीत होता, तेही एक प्रकारचे भाषांतरच होते.

वर्णनात जे नाही

आता मार्टिनोच्या वर्णनात काय आलेले नाही, ते पाहू. स्टीफन निसेनबॉम या इतिहासकाराने ‘द बॅटल फॉर ख्रिसमस’ (१९९६) या ग्रंथात या प्रसंगाभोवतालची परिस्थिती उलगडून दाखवली आहे. १८३५ हे वर्ष बॉस्टनमध्ये मोठ्या अशांततेचे होते. गुलामगिरीविरोधी चळवळीचा नेता विल्यम लॉइड गॅरिसन याला २१ ऑक्टोबर रोजी जमावाने दोर बांधून रस्त्यातून फरफटत नेले. नोव्हेंबरमध्ये मार्टिनो बॉस्टनच्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या सभेला गेली आणि तेथे तिने गुलामगिरीविरुद्ध आपले मत उघडपणे मांडले. वृत्तपत्रे तिच्यावर तुटून पडली. कालपर्यंत जी घरे तिला बोलावत होती त्यांची आमंत्रणे थांबली. फॉलेन १८३४ मध्येच या चळवळीत सामील झाला होता. १८३५ मध्ये त्याच्या प्राध्यापकपदाची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. त्यामागे इतर कारणेही सांगितली जातात, पण त्याच्या मतांमुळे त्याला झळ पोचली यात शंका नाही. पुढे मार्च १८३६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे तो चळवळीची बाजू मांडू लागला, तेव्हा अध्यक्षाने त्याला मध्येच थांबवले.

ज्या चळवळीने अमेरिकेतील गुलामांना मुक्त केले, तिच्यातील लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या चळवळीच्या आरंभीच्या, बहिष्कार सोसणाऱ्या पिढीतले हे पतिपत्नी होते. एकदा देश गमावलेला मनुष्य दुसऱ्या देशातही, केवळ आपल्या मतांसाठी, पुन्हा एकटा पडत होता. डिसेंबरअखेरच्या त्या संध्याकाळी एकत्र आलेल्या यजमानाला आणि पाहुणीला जोडणारा दुवा हा होता. नव्या मित्रांना घरचा सण दाखवण्याची हौस येथे आहेच. पण जेव्हा बाहेरची दारे बंद होत असतात तेव्हा आपले दार उघडे ठेवण्याचा अर्थ हौसेपलीकडे जातो.

यांपैकी काहीही त्या झाडाच्या वर्णनात नाही. मार्टिनोने भीतीपोटी हे टाळले, असे म्हणता येत नाही. अमेरिकन समाजावरील आपल्या १८३७ च्या ग्रंथात आणि पुढे गुलामगिरीविरोधकांवरील स्वतंत्र लेखात तिने या लढ्याविषयी निर्भीडपणे लिहिले. तिने केले ते इतकेच, की लढा एका पुस्तकात ठेवला आणि झाड दुसऱ्या पुस्तकात. या विभागणीचा परिणाम मोठा झाला. राजकारणापासून सुटे झालेले झाड, ज्या घरांनी फॉलेनला दूर ठेवले त्या घरांतही शिरू शकत होते.

हीच प्रक्रिया इतरत्रही दिसते. फॉलेन दांपत्याची स्नेही असलेली कादंबरीकार कॅथरीन सेज्विक हिने ‘नववर्षदिन’ या अर्थाच्या शीर्षकाची एक कथा लिहिली. ती १८३६ सालासाठीच्या ‘द टोकन’ या भेटवार्षिकात आली, म्हणजे मार्टिनोच्या पुस्तकाच्याही आधी. तिच्यात एका सुखवस्तू घरात झाड उभे राहते ते जर्मन मोलकरणीच्या मदतीने. झाड आणणारी व्यक्ती परकीय राहते, पण ती आता घरची नोकर असते. तिच्यापासून कोणाला धोका नाही. डिसेंबर १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती आल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे कौटुंबिक चित्र छापले. १८५० मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकन मासिकाने तेच चित्र घेतले, परंतु राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा खोडून टाकल्या. राजकुटुंबाचे अमेरिकन कुटुंब झाले. पुस्तकातून फॉलेनची निर्वासित अवस्था गळाली होती, चित्रातून आल्बर्टच्या मिशा गळाल्या. पाहुण्याने सण आपलासा करताना यजमानाच्या खुणा पुसल्या.

अर्थात, केवळ छापील मजकुरामुळे हे झाड अमेरिकाभर पसरले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १८४० आणि १८५० च्या दशकांत लक्षावधी जर्मन स्थलांतरित तेथे आले आणि त्यांनी आपल्या रीती बरोबर आणल्या. परंतु स्थलांतरितांची रीत आणि प्रतिष्ठितांची रीत यांत अंतर असते. ते ओलांडण्यासाठी लागणारी प्रतिष्ठा कथा, प्रवासवर्णने आणि मासिकांतील चित्रे यांनी मिळवून दिली.

दोन निष्कर्ष

मराठीच्या अभ्यासकाला या प्रसंगातून दोन गोष्टी घेता येतील असे वाटते. पहिली, सणाच्या इतिहासात पाहुण्याची साक्ष दुय्यम मानू नये. मार्टिनोनंतर अर्धशतकाने पंडिता रमाबाई त्याच देशात पाहुण्या म्हणून वावरल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीला दिला. परक्या समाजाची राहणी पाहणाऱ्या स्त्रीची नजर कशी असते, हे आपण त्यावरून जाणतो. आज परदेशातील मराठी घरांत गणपती बसतो, शेजारपाजारच्या भिन्नधर्मीय मित्रांना आरतीला बोलावले जाते, मोदक हातावर ठेवले जातात. या सोहळ्यांविषयी यजमानांनी बरेच लिहिले आहे, आणि त्यातील स्मरणव्याकुळता आपल्या ओळखीची आहे. त्या दारातून प्रथमच आत आलेल्या पाहुण्याने काय पाहिले, ते मात्र आपण क्वचितच विचारतो. सणाचे पुढे काय होणार हे बऱ्याच अंशी त्याच्या सांगण्यावर ठरते.

दुसरी गोष्ट थोडी कठोर आहे. सण वाटून घेतला म्हणजे माणूस स्वीकारला गेला, असे होत नाही. १३ जानेवारी १८४० च्या रात्री लाँग आयलंडच्या खाडीत ‘लेक्सिंग्टन’ या वाफेच्या बोटीला आग लागली आणि तिच्यावरील चौघांखेरीज सर्व प्रवासी मृत्युमुखी पडले. मृतांत फॉलेन होता. मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन या गावी त्याच्याच कल्पनेतून बांधलेल्या अष्टकोनी प्रार्थनामंदिराच्या अर्पणसमारंभासाठी तो निघाला होता. गुलामगिरीविरोधकांनी बॉस्टनमध्ये त्याची स्मृतिसभा घेण्याचे ठरवले, तेव्हा शहरातील चर्चांनी आपली जागा देण्यास नकार दिला. त्याचा जिवलग मित्र आणि नामांकित धर्मोपदेशक विल्यम एलरी चॅनिंग याच्या चर्चच्या व्यवस्थापकांनीही तो दिला, आणि चॅनिंगला त्याचे फार दुःख झाले. अखेर एप्रिलमध्ये अन्यत्र सभा झाली.

त्यानंतरच्या दोन दशकांत त्याच शहरातील घराघरांत नाताळची झाडे उभी राहिली. फॉलेनने नव्या मित्रांना दोन गोष्टी देऊ केल्या होत्या : आपल्या घरचे झाड आणि मनुष्यमात्राच्या स्वातंत्र्याविषयीचा आपला आग्रह. पहिली त्या शहराने आनंदाने घेतली. दुसरीसाठी त्या देशाला आणखी पंचवीस वर्षे आणि एक यादवी युद्ध लागले. लेक्सिंग्टनचे ते अष्टकोनी मंदिर आजही उभे आहे आणि फॉलेनच्याच नावाने ओळखले जाते. ‘पहिल्या झाडा’ची कथा सांगताना त्याच्या नावासोबत या दुसऱ्या देणगीचाही उल्लेख व्हायला हवा.